धवल्याला नवरा लागतो

मरायला टेकलेल्या भाषांवरची चर्चासत्रं मी जितकी पाहिली आहेत, तितकी खुद्द त्या भाषा बोलणाऱ्यांनीही पाहिली नसतील. पाहणार कुठून? त्यांना बोलावतच नाहीत. मला बोलावतात, कारण खुर्च्या मी मांडतो. नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क. हार, शाली, श्रीफळं, समईतलं तेल, समई पेटली नाही तर लागणारी मेणबत्ती, पाहुण्यांची विमानं आणि ‘वेळेअभावी थांबावे ही विनंती’ अशी वक्त्याच्या हातात सरकवायची चिठ्ठी, हा सगळा माझा प्रांत. ती चिठ्ठी मी लॅमिनेट करून ठेवली आहे. माणसं बदलतात, विषय बदलतात, वेळेचा अभाव तोच असतो.

उद्घाटन, सत्कार, सत्काराला उत्तर आणि त्या उत्तराबद्दल आभार यांतून भाषेच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं उरतात. खरं चर्चासत्र भरतं चहाच्या टेबलाशी. तिथे मी किटलीमागे उभा राहून जे ऐकलं आहे, ते कुठल्याही शोधनिबंधात छापून आलेलं नाही.

“माझ्या भाषेचे आता नऊच लोक उरलेत,” एक सर बिस्कीट बुडवत म्हणतात.

“नऊ? नशीबवान आहात,” एक मॅडम म्हणतात. “माझ्याकडे चार आहेत, आणि त्यातल्या दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद आहे.”

मग कोपऱ्यातले एक वयस्कर प्राध्यापक अगदी शांतपणे कप खाली ठेवतात. “माझ्याकडे एकच आहे. आणि त्याला ऐकू येत नाही.”

कुणीतरी उरलेला शेवटचा समोसा त्यांच्यापुढे सरकवतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अनुदानाचा हिशेब सरळ असतो, भाषा जितकी अंथरुणाला खिळलेली, तितका प्रकल्प धट्टाकट्टा. त्यामुळे आपला रुग्ण अधिक गंभीर आहे हे पटवण्यात जो मागे पडला, तो संपला.

आमच्या कॉलेजच्या भाषाशास्त्राच्या मॅडम यात फार मागे पडायच्या. बाई हुशार, कष्टाळू, पण खोटं बोलता येत नाही. विद्येच्या क्षेत्रात हे मोठंच अपंगत्व. एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“भाऊसाहेब, तुम्ही आगरी ना? घणसोली गावठाणातले? मला तुमच्या बोलीवर प्रकल्प करायचाय. ती नष्ट होत चाललीय.”

“कोण म्हणतं? काल माझ्या बिल्डर चुलतभावानं पार्किंगवरून मला त्या बोलीत अर्धा तास शिव्या घातल्या. एक शब्द अडला नाही त्याचा.”

मॅडमचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की माझी जीभ सुटते, हा जन्मजात दोष आहे. मी म्हटलं, “बोली ठणठणीत आहे मॅडम, पण धवला मरायला टेकलाय.”

धवला म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी. नुसती गाणी नव्हेत. ती गाणारी बाई, धवलारीण, हीच लग्नातली अर्धी भटजी. मांडव घालण्यापासून नवरी घरात घेण्यापर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला. ती एक ओळ टाकते आणि बाकीच्या बाया ती झेलतात. आता हॉल आले, डीजे आले, लग्नाला ‘इव्हेंट’वाले आले, आणि धवलारणी घरी बसल्या.

“आमच्या गावात एकच उरलीय,” मी म्हणालो. “माझी सख्खी आत्या.”

इथे थांबायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात अनुदान समितीची ऑनलाइन मुलाखत झाली. समाजाचा प्रतिनिधी म्हणून मला कॅमेऱ्यापुढे बसवलं, आणि पडद्यावर सात विद्वान चेहरे दिसल्यावर माझ्या अंगात आलं. मी सांगितलं, अख्ख्या खाडीकाठी ही शेवटची धवलारीण. दोन दिवस गाते, मध्ये पाण्याचा थेंब घेत नाही. तिच्या आवाजानं महाप्याच्या कंपन्यांच्या काचा हलतात. एका सरांनी विचारलं, त्या रेकॉर्डिंगला तयार होतील का? मी म्हटलं, “साहेब, बटण दाबलं की सुरू.”

प्रकल्प मंजूर झाला. अर्जात वाक्य गेलं, ‘परिसरातील अखेरच्या धवलारणीचा संपूर्ण धवला ध्वनिमुद्रित केला जाईल.’ खाली मॅडमची सही, आणि समाजप्रतिनिधी म्हणून माझी.

पहिल्या वर्षी उद्घाटनाचं चर्चासत्र झालं. तिथे आत्याला मोठ्या मानानं आणून पहिल्या रांगेत बसवलं. शाल दिली, नारळ दिला, गळ्यात बिल्ला अडकवला. मग सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत सगळे विद्वान तिच्या बोलीबद्दल इंग्रजीत बोलले. तिच्याशी मात्र कुणी बोललं नाही. दुपारी ती मस्त झोपली. घरी सोडायला गेलो तेव्हा गाडीतून उतरताना म्हणाली, “बाला, मी जिती हाय कं मेली, तां बघाला बोलवला व्हता कं?”

फोल्डर आणि पेन मात्र तिनं सोडलं नाही.

आता आत्या म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, हे तिलाही ठाऊक नाही. गावठाणात तिचं चार मजली घर, वरचे तीन भाड्यानं दिलेले, तळमजल्यावर ती. समोर तीस मजल्यांचा टॉवर झाल्यापासून तिच्या ओट्यावर बारा वाजता ऊन येतं आणि साडेबाराला टॉवर ते परत घेतो. त्या अर्ध्या तासात ती सुके बोंबील, पापड आणि स्वतःला वाळवते. मॅडम पहिल्यांदा यंत्र घेऊन गेल्या त्या याच मुहूर्तावर.

“आत्या, या मॅडमना धवला हवाय,” मी म्हटलं.

आत्याचे डोळे लकाकले. “लगीन कोनाचा?”

“लग्न कुणाचं नाही. नुसतं रेकॉर्डिंग.”

“मंग नवरा कोन?”

“नवरा नाही.”

“नवरी?”

“ती पण नाही.”

आत्यानं मॅडमच्या हातातल्या त्या केसाळ माइककडे बराच वेळ पाहिलं. “मंग मी हलद कोनाला लावू? या उंदराला?”

तिचं म्हणणं अगदी पक्कं होतं. धवला नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकायचा असतो. डोकंच नसेल तर तो फिरून गाणारीच्या डोक्यावर बसतो. तिच्या सासूनं तिला असंच शिकवलं होतं, आणि सासूचं न ऐकण्याइतकी ती अजून मोठी झाली नव्हती.

मॅडम समजूतदार. त्या म्हणाल्या, थांबू या, खरं लग्न येईल. तोवर दोन वर्षं त्यांनी बाकीचं काम केलं. मिठागरातले शब्द, शेतीचे शब्द, माशांची नावं, म्हणी, सगळं गोळा करून तीन पुस्तिका तयार झाल्या. राहिला फक्त धवला. आणि तोच अर्जातल्या पहिल्या वाक्यात होता. एकतीस मार्चला प्रकल्प संपणार. त्याआधी समितीचे निरीक्षक दिल्लीहून येऊन संपूर्ण धवला स्वतःच्या कानांनी तपासणार. तो नसेल तर प्रकल्पावर ‘अपूर्ण’ असा शिक्का. त्या पुस्तिका छापल्या जाणार नाहीत, आणि मॅडमना पुन्हा कुणी प्रकल्प देणार नाही. बाईनं तीन वर्षांत एकदाही मला ‘बटण दाबलं की सुरू’ची आठवण करून दिली नाही. त्यामुळे ती मला रोज येत होती.

शेवटच्या वर्षी एक लग्न मिळालं. नवऱ्याचा बाप माझा वर्गमित्र. त्यानं आत्याला रीतसर विडा-नारळ देऊन बोलावलं. आत्या नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून, मांडवात बसली आणि तिनं तोंड उघडलं. त्याच क्षणी डीजेनंही उघडलं. मॅडमनी नंतर कानाला हेडफोन लावून ते सगळं ऐकलं. चार तास नुसता हत्तीच्या छातीचा ठोका. आत्याचा आवाज तीन ठिकाणी सापडला, आणि तिन्ही ठिकाणी ती डीजेला शिव्या देत होती. मॅडमनी त्या वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवल्या. बोलीचा ऐवज तोही.

त्यानंतर आत्यानं डीजेच्या लग्नाला पाय ठेवायचा नाही असं ठरवलं, आणि बिनडीजेचं लग्न अख्ख्या नवी मुंबईत उरलं नव्हतं.

मार्च लागला. मी बाजारातून दोन बाहुल्या आणल्या. आत्या म्हणाली, “बावल्यांचा लगीन लावाला मी कं पोर हाय?” मग मॅडमनी कॉलेजातला एक मुलगा आणि एक मुलगी तयार केली, नाटकातल्यासारखं नुसतं बसायला. आत्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “बसा. पन धवला लागला म्हंजे लगीन लागला. मंग तुमच्या आईबापांना तुमीच सांगा.” हे ऐकून तो मुलगा जो उठला, तो थेट लायब्ररीत गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मॅडम ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, “राहू दे भाऊसाहेब. आत्यांना त्रास नको. मी लिहून देते, जमलं नाही म्हणून.”

आत्या सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “येक लगीन हाय.”

“कुणाचं?”

“बावीस वर्सां झाली, र्‍हायलाय.” आणि अडकित्त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. बावीस वर्षांपूर्वी मी पुरोगामी होतो. तेव्हा केस होते आणि मतं होती. मुलगी देशावरची, साताऱ्याकडची, वाढलेली खांदेश्वरला. दोन्ही घरी कुरकूर होती. मी म्हटलं, थाटमाट नको, खर्च नको, रजिस्ट्रारपुढे सह्या करू. बारा मिनिटांत लग्न झालं, त्यातली आठ रजिस्ट्रारचं पेन शोधण्यात गेली. इकडे आत्यानं भाच्याच्या लग्नासाठी लुगडं काढून ठेवलं होतं. तिला कळलं तेव्हा आम्ही मिसळ खाऊन घरी आलो होतो. ती भांडली नाही. तिनं फक्त माझ्या बायकोला सून म्हणायचं नाकारलं. बावीस वर्षं ती तिला ‘पावनी’ म्हणते. पाहुणी. “पावनी आयली कं? बस. चा घे.” पाटावर बसवायची, बशीत बिस्किटं द्यायची, आणि भांड्याला हात लावू द्यायची नाही. पाहुणीनं काम करायचं नसतं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती महाप्याला एका कंपनीत एचआरमध्ये आहे, माणसांना नम्रपणे नाही म्हणणं हा तिचा पेशा. पण चिडली की कृष्णाकाठ जागा होतो.

“डोस्कं फिरलंय का तुमचं? एकदा केलं त्येच अजून निस्तरतीया मी!”

“दोनच दिवस.”

“पन्नाशीला आलाय. बाशिंग कुठं बांधणार, टकलावर?”

आमची मुलगी वीस वर्षांची. ती सोफ्यावर लोळत हसत होती. “मम्मी, प्लीज हो म्हण. स्वतःच्या आईबापाच्या लग्नात करवली व्हायचा चान्स कुणाला मिळतो?”

बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरायला लागली. मग तिनं तिथूनच विचारलं, “त्यांनी स्वतः म्हटलं? आत्यांनी?”

“स्वतः.”

भांड्यांचा आवाज थांबला. “मग साडी नवी लागेल,” ती म्हणाली.

निरीक्षक सर ठरल्या दिवशी सकाळी आले. मूळचे नागपूरकडचे, चाळीस वर्षं दिल्लीत, अंगात कोट, हातात छापील तक्ता. त्यांचं परतीचं विमान त्याच संध्याकाळचं होतं. “मला दीड तास पुरेल,” ते म्हणाले. “ध्वनिमुद्रण मी प्रत्यक्ष पाहीन, तक्ता भरीन, आणि निघेन.”

आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, “पावनीचा मामा आयला कं?”

बायकोचे मामा साताऱ्याला. या वयात भाचीच्या दुसऱ्या लग्नाला येतो कोण, तेही त्याच नवऱ्याशी! मी नाही म्हणून मान हलवली.

“मंग यो कोटवाला मामा.”

“बाई, मी निरीक्षक आहे. मला तटस्थ राहावं लागतं,” सर म्हणाले.

“र्‍हावा की. उबाच र्‍हावाचा हाय. मामानी लगीन लागेपरयंत बसाचा नसतो.”

हा नियम मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

पहिलं काम उंबराची फांदी आणायचं. मांडवाला ती लागतेच. आता गावठाणात उंबर उरला एकच, तोही टॉवरवाल्यांच्या कंपाउंडमध्ये, क्लबहाउसच्या मागे. मी आठ दिवस आधी सेक्रेटरीला तीन प्रतींत अर्ज दिला होता, हेडक्लार्क उगाच नाही. तरीही गेटवर वॉचमननं अडवलं. पुढे आत्या, मागे गल्लीतल्या बाया, त्यांच्यामागे कोटवाला मामा, त्यामागे यंत्र धरून मॅडम, आणि शेवटी मुंडावळ्या बांधून मी. वॉचमनच्या मोबाइलवरचं ॲप विचारत होतं, कुठला फ्लॅट?

“आजी, फ्लॅट नंबर बोला.”

“हा उंबर माज्या बापाच्या शेतान व्हता,” आत्या म्हणाली. “नंबर त्याला इचार.”

वॉचमननं उंबराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि ॲपमध्ये ‘डिलिव्हरी’ असं भरून गेट उघडलं. फांदी मामांच्या खांद्यावर दिली. तिसाव्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या बाल्कन्यांत माणसं उभी होती. मी एरवी वाढवून सांगतो, पण हे खरं आहे. दोन मजले इकडेतिकडे.

गल्ली आठ फूट रुंद. मोटरसायकली हलवून, आंब्याचे टाळे बांधून मांडव घातला. आत्या पाटावर बसली, डोळे मिटले आणि गळ्यातून आवाज काढला. काचांचं मला माहीत नाही, पण मी हललो. आवाज फाटका होता, धापही लागत होती, मात्र ओळ कुठे सुटत नव्हती. मॅडमनी यंत्रावरचा तांबडा दिवा तपासला आणि मग त्याकडे बघायचंच विसरल्या.

आत्यानं पहिली ओळ टाकली, आणि ती खाली पडायच्या आत झेलली गेली. कुणी झेलली म्हणून मी वळलो. समोरच्या घरातली काकू. पुढची ओळ किराणावाल्याच्या आईनं आणि तिच्या जावेनं उचलली. हळद दळायला बसेपर्यंत चौदा बाया झाल्या. एक तर बँकेत मॅनेजर आहे, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून उभी, आणि तिला सगळं पाठ! दुपारनंतर आत्याच्या वरच्या मजल्यावर राहणारी बिहारची भाडेकरीणही झेलणाऱ्यांच्या सुरात सूर मिळवू लागली.

निरीक्षक सरांनी तक्ता काढला. पेन थांबलं. “मॅडम, अर्जात ‘अखेरची’ असं लिहिलंय. मला इथं चौदा-पंधरा दिसतात.”

मी पुढे सरसावलो, कारण ती थाप माझी होती, आणि थापेवर दुसरी थाप कशी चढवायची ते मला येतं. पण मॅडमनी मला हातानं थांबवलं. “चूक आमची आहे सर. आम्ही कधी विचारलंच नाही.”

आत्यानं सगळं ऐकलं होतं. “मामा, धवला टाकनारी मी येकटीच. या झेलनाऱ्या. पन तो डीजेवाला सोडला तं मना पंधरा वर्सां कोनी मांडवान बशवलीच नाय, तं या कवा झेलतील? घरान बसून कं?”

सरांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात माझ्या मुलीनं हळदीची वाटी आणली आणि मामांच्या कोटाला दोन्ही हात पुसले. संध्याकाळी माझ्या फोनवरून त्यांचं विमान दुसऱ्या दिवसावर ढकललं. दोन दिवसांचा धवला दीड तासात बसत नाही, आणि मामांना बसायची परवानगीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. बाशिंग टकलावरून तीनदा घसरलं, शेवटी मुलीनं चिकटपट्टी लावली. अंतरपाटापलीकडे बायको. मामांनी तिला हाताला धरून आणलं, आणि तो माणूस इतका गंभीर होता की कुणी म्हणावं, खरंच घरातली मुलगी चाललीय. अंतरपाट दूर झाला. बायको माझ्याकडे बघून पुटपुटली, “आता नाही म्हटलं तर?”

“चौदा जणींनी झेललंय,” मी म्हटलं.

मग शेवटचा धवला, नवरी घरात घेण्याचा. यात धवलारीण आपल्या मनाची ओळ घालते. ज्याचं लग्न त्याच्यापुरती, दुसऱ्या कुठल्या लग्नात न येणारी. आत्या उंबऱ्याच्या आत उभी राहिली. बायको बाहेर, माप ओलांडायच्या तयारीत. आत्यानं गायलं,

“देशावरची लेक गो, दारान उबी,
बावीस पावसाले गो, दारान उबी,
आतीला रुसवा, गो तुला कंचा दोस,
उचल पाय सुने, आता घरान ये.”

बायांनी शेवटची ओळ झेलली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बायकोला आमची बोली निम्मी कळते. तिनं आधी डावा पाय उचलला, मग आठवलं, खाली ठेवला, उजवा उचलला. दरम्यान तिनं दोनदा पदर सारखा केला, आणि तो दोन्ही वेळा सारखाच होता. मी वर टॉवरकडे पाहिलं. कधीकधी टॉवरकडे बघणं बरं असतं.

चौथ्या दिवशी समारोपाचं चर्चासत्र झालं. निरीक्षक सर विमान आणखी एकदा ढकलून, पिवळा डाग पडलेला कोट घालूनच आले. त्यांनी तक्त्यात ‘पूर्ण’वर खूण केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं की प्रस्तुत निरीक्षक तटस्थ राहू शकले नाहीत. मॅडमनी पुस्तिकेतला ‘अखेरची’ हा शब्द स्वतःच्या हातानं खोडला. चहाच्या टेबलाशी कुणीतरी त्यांना सहानुभूतीनं म्हणालं, “आता पुढचं अनुदान अवघड आहे हो. तुमचा रुग्ण उठून बसला.” मॅडम हसल्या आणि त्यांनी समोसा स्वतःच घेतला.

त्या दिवशी आत्याला माइक दिला. तिनं तो पंचेचाळीस मिनिटं सोडला नाही. अध्यक्षांनी मला खूण केली, मी ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी तिच्या हातात ठेवली. तिनं ती उलटसुलट पाहिली, वाचता येत नसल्यानं मानाची वस्तू समजून कमरेला खोचली, आणि पुढचा धवला टाकला. चिठ्ठी आता तिच्या चहाच्या पेल्यावर झाकण म्हणून असते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आत्याकडे गेलो. बायको सवयीनं पाटावर बसली आणि बिस्किटांची वाट पाहू लागली. आत्यानं आतून परात आणली, तिच्यापुढे आपटली. परातीत दोन किलो मांदेली.

“बसली कं राणीसारकी? साफ कर. आनि डोकी फेकू नको, मांजरीला व्हतील.”

बायकोनं परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बावीस वर्षं आयता चहा मिळत होता मला,” ती दातांतल्या दातांत म्हणाली. “काय नडलं होतं तुमच्या मॅडमचं?”

मी सावधपणे पाटाकडे सरकलो.

“पावना तू नाय,” आत्या म्हणाली. “खोबरा किस.”